हरलं की दुप्पट

त्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे कार्ल्सरूहेला राहायला आल्या तेव्हा माझा नवरा ड्रेस्डेनला होता. सेमीकंडक्टरच्या एका कारखान्यात त्याला वर्षभरासाठी पाठवलं होतं, आणि तो एकाआड एक शनिवारी घरी यायचा. मी इथे गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचे. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. सासरे साताऱ्याहून आलेच नव्हते. थंडीचा आकडा ऐकून त्यांनी तिकीट काढायलाच नकार दिला होता.

सासूबाईंनी तीसेक वर्षं साताऱ्याच्या कोर्टात वकिली केली. आता कामं कमी केली होती, पण सवयी गेल्या नव्हत्या. मी दुकानातून आणलेल्या दह्याच्या डब्यावरचा बारीक मजकूरसुद्धा त्या मला वाचून भाषांतर करायला लावायच्या. "अगं, खाली लहान अक्षरात लिहितात तेच खरं असतं," म्हणायच्या. घरात बसून त्यांना कंटाळा आला होता. भाषा येत नाही, टीव्ही कळत नाही, आणि दुपारी तीनलाच आभाळ राखाडी होतं.

त्या आल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी जेवण आवरून कोट चढवला.

"कुठे निघालीस?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. लायब्ररी म्हटलं असतं तर त्यांना पटलंही असतं. पण मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"पत्ते खेळायला. कसिनोत."

त्यांनी चष्मा काढला. "पैसे लावून?"

"हो आई. महिन्यातून एकदा जाते. सिनेमा बघून बाहेर जेवलं की जेवढे जातात तेवढेच घेऊन जाते. गेले तर गेले."

"माझ्या मुलाला माहीत आहे?"

"आहे. त्याला आवडत नाही, कंटाळा येतो म्हणतो. पण माहीत आहे."

मला वाटलं आता भाषण ऐकावं लागणार. पण त्या म्हणाल्या, "रमी असते का तिथे?"

"रमी नाही. ब्लॅकजॅक."

"मग तो शिकव. शिकल्याशिवाय मी येणार नाही. आजचं तहकूब कर आणि कोट काढ."

मी कोट काढला. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण सासूबाई आणि मी एका टेबलाशी बसून काही खेळलोय, असं तोवर एकदाही झालं नव्हतं.

मी हा खेळ ऑफिसच्या सहलीत शिकले होते. आमच्या टीमने एका वर्षी गिर्यारोहणाऐवजी कसिनो निवडला, पावसामुळे. बाकीचे सगळे रुलेटकडे पळाले. मी पत्त्यांच्या टेबलामागे उभी राहिले आणि तासभर नुसतं बघितलं. मग घरी येऊन गणित मांडलं. चाचण्या करणं हाच माझा धंदा असल्यामुळे मी हजारो डाव कॉम्प्युटरवर खेळवून बघितले. त्यातून जे कळलं ते मी आजही ठामपणे सांगते: पैसे कसे वाढवत नेता यावर शेवटी जिंकणं-हरणं ठरत नाही. कुठल्याही पद्धतीने लावा, कसिनोचा थोडासा वरचष्मा राहतोच. पद्धतीने ठरतं ते एवढंच, की तुमची दुपार कशी जाते. शांतपणे, की छातीत धडधड घेऊन.

सासूबाईंना नियम समजायला दहा मिनिटं लागली. एकवीसच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, ओलांडलं की मेलात. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. एक्का एकचा किंवा अकराचा, आपल्या सोयीने. आपलं खेळून झालं की डीलर स्वतःचे पत्ते काढतो, सोळापर्यंत त्याला काढावंच लागतं आणि सतराला थांबावंच लागतं.

"म्हणजे त्याला अक्कल वापरायची परवानगी नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. अक्कल फक्त आपण वापरायची."

"हे चांगलं आहे."

पैशांऐवजी लावायच्या चिपांच्या जागी आम्ही राजमा घेतला. तुर्की दुकानातून आणलेल्या पिशवीत दोन मुठी उरला होता, त्यातला अर्धा मी त्यांच्यापुढे ओतला. मी डीलर झाले. पहिले काही डाव त्या एकएक दाणा लावून खेळल्या. मग त्यांनी मान वर केली.

"हे बघ. मी हरले की पुढच्या वेळी दुप्पट लावते. पुन्हा हरले तर त्याच्या दुप्पट. कधीतरी मी जिंकणारच ना? जिंकले की मागचं सगळं परत, वर एक दाणा फायदा. मग पुन्हा एकपासून सुरुवात. यात हरायला वाव कुठे आहे?"

हा शोध प्रत्येकालाच लागतो. मला लागला होता, आमच्या ऑफिसातल्या तीन इंजिनियरांना लागला होता. मी नुसतं "खेळा," म्हटलं.

आणि त्यांची पद्धत चालली. तासभर चालली. कधी दोनदा हरायच्या, कधी तीनदा, मग जिंकायच्या आणि एक दाणा बाजूच्या वाटीत टाकायच्या. वाटी भरत चालली तशा त्या खुलत गेल्या. त्यांनी मला साताऱ्याच्या एका दिवाणी दाव्याची गोष्ट सांगितली, ज्यात समोरचा वकील प्रत्येक तारखेला आवाज चढवत गेला आणि शेवटी आवाजच बसला. मी पत्ते वाटत राहिले.

मग हरण्याची रांग लागली. एक. दोन. चार. आठ. सोळा. प्रत्येक वेळी मला वीस, किंवा त्या एकवीसच्या पुढे. बत्तीस दाणे त्यांनी मोजून पुढे सरकवले आणि मला एक्क्याबरोबर राणी आली. त्यांनी समोरचा राजमा चाचपला. दुप्पट करण्याइतका उरला नव्हता. वाटीतला मिळवूनसुद्धा नाही.

"थांब," त्या उठल्या. "मूग आणते."

"मूग चालणार नाहीत आई."

"का नाही? माझी ऐपत आहे."

"तुमची असेल. पण टेबलावर पाटी असते. एका वेळी जास्तीत जास्त किती लावता येतं, ते लिहिलेलं असतं. त्याच्या वर तुम्ही कितीही श्रीमंत असलात तरी दुप्पट करता येत नाही."

"हे तू आधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्या खाली बसल्या. रागावल्या असाव्यात असं मला वाटलं, पण त्या विचार करत होत्या. "म्हणजे ती पाटी मालकाने माझ्यासारख्यांसाठीच लावली आहे."

"गेनाऊ," मी म्हटलं. ऑफिसमध्ये दिवसभर ऐकून हा शब्द माझ्या तोंडात बसला होता. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ.

"आणि पाटी नसती तरी एका दाण्याच्या फायद्यासाठी मी पिशवी पणाला लावली."

"तेही."

"मग तू कशी खेळतेस?"

मी सांगितलं. एकपासून सुरुवात करायची. हरलं तर पुन्हा एकच. जिंकलं तर पुढच्या डावाला दोन. पुन्हा जिंकलं तर तीन. तेही जिंकलं तर सगळं गोळा करून परत एकवर यायचं. म्हणजे मोठी रक्कम लावली जाते तेव्हा तिच्यातला बराचसा भाग आधीच्या डावात जिंकलेला असतो. हरण्याची रांग लागली तर ती एकएक दाण्यानेच लागते. जिंकण्याची लागली तर थोडी मजा येते.

"यात गेलेलं परत कसं येतं?"

"येत नाही. कधी येतं, पण त्यासाठी खेळायचं नाही."

त्यांनी तोंड वाकडं केलं. पण पुढच्या आठवड्यात रोज संध्याकाळी जेवणाआधी पत्ते मागून घेतले, आणि आमच्या पद्धतीत स्वतःचं एक कलम घातलं. उठायचं केव्हा ते बसायच्या आधी ठरलं पाहिजे. आणलेल्यातलं अर्धं गेलं की उठायचं, दीडपट झालं की उठायचं, आणि यातलं काहीच झालं नाही तर पाच वाजता उठायचं. "समोर पत्ते असताना माणूस न्यायाधीश होऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. मला ते मान्य होतं. तोवर मी अंदाजानेच उठत असे.

मधल्या शनिवारी नवरा येऊन गेला. त्याला आम्ही काही सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फोनवर मात्र त्याला कळलं.

"तू आईला कसिनोत घेऊन चाललीस?"

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "ती मला नेत नाही. मी तिच्याबरोबर जातेय. यात फरक आहे. तू जेवलास का?"

कसिनो दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासावर, गरम झऱ्यांच्या एका गावात होता. तिथे जुनी हॉटेलं आहेत, नदीकाठी झाडांची लांब रांग आहे, आणि बाकांवर फरच्या टोप्या घातलेल्या बायका बसलेल्या असतात. सासूबाईंनी गर्द जांभळी साडी नेसली होती, वर माझा लांब कोट. अडचण बुटांची होती. त्या साताऱ्याहून फक्त खेळाचे बूट घेऊन आल्या होत्या आणि ते आत चालत नाहीत. म्हणून त्यांनी माझे ऑफिसचे काळे बूट घातले, एक नंबर मोठे, आत लोकरीचे दोन मोजे.

दारावरच्या बाईंनी आउसवाइस मागितलं, म्हणजे ओळखपत्र. सासूबाईंनी पासपोर्ट काढून दिला आणि त्या बाई तो स्कॅन करेपर्यंत त्यावरून नजर काढली नाही. तिकीट घेतलं, कोट ठेवले. आत गेल्यावर त्यांनी छताकडे बघितलं. सोनेरी वेलबुट्टी, झुंबरं, लाल गालिचा.

"हे सगळं दुप्पट लावणाऱ्यांच्या पैशातून झालं असणार," त्या म्हणाल्या.

दुपारचे तीन वाजले होते. अशा वेळी गर्दी नसते, म्हणूनच मी त्या वेळेला जाते. ब्लॅकजॅकचं एकच टेबल उघडं होतं. डीलर एक तरुण बाई होती, केस घट्ट बांधलेले. टेबलावर अर्धवर्तुळात चौकटी आखलेल्या असतात, आपापल्या चौकटीत आपण चिपा ठेवायच्या. सासूबाई मधल्या चौकटीसमोर बसल्या, मी त्यांच्या डावीकडे. मी पाटी दाखवली. सर्वांत लहान चिप एक धरली, तर एका डावाला जास्तीत जास्त पन्नास लावता येत होत्या.

बोलायची गरज नसते, हाताच्या खुणा चालतात. पत्ता हवा असेल तर बोटाने टेबलावर टकटक करायचं. नको असेल तर हात आडवा फिरवायचा. ती दुसरी खूण सासूबाईंना शिकवावीच लागली नाही. पंगतीत वाढपी आला की ताटावर हात आडवा धरून पुरे म्हणतात, तसा त्या धरायच्या. डीलर बाईला ते इतकं आवडलं की ती दर वेळी हसायची.

पहिला अर्धा तास छान गेला. एक, दोन, तीन असं एकदा पूर्ण साधलं. मध्ये दोन-तीनदा एकवरच हरलो. सासूबाई एकही शब्द न बोलता खेळत होत्या. मी त्यांना कोर्टात कधी बघितलं नव्हतं, पण तिथे त्या अशाच बसत असतील असं वाटलं. पाठ सरळ, हात मांडीवर, नजर समोरच्यावर.

तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. करडा कोट, गळ्याला बो, पांढऱ्या मिशा नीट कापलेल्या. त्यांनी वाकून सासूबाईंना काहीतरी विचारलं. सासूबाईंना वाटलं ते शेजारच्या खुर्चीबद्दल विचारताहेत. त्यांनी मान हलवली. गृहस्थांनी आभार मानले आणि आपली एक चिप सासूबाईंच्या चौकटीत, त्यांच्या चिपेमागे ठेवली.

"अगं, हे काय?"

"इथे तसं चालतं आई. दुसऱ्याच्या चौकटीवर आपले पैसे लावता येतात. पण पत्ता घ्यायचा की नाही, ते फक्त तुम्हीच ठरवायचं. तुम्ही जिंकलात तर ते जिंकले, तुम्ही हरलात तर ते हरले."

"म्हणजे मी वकील आणि हा माझा अशील. न विचारता आलेला."

"त्यांनी विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

त्या डावाला आम्ही हरलो. सासूबाईंनी पुन्हा एक चिप ठेवली. गृहस्थांनी दोन ठेवल्या. तोही डाव गेला. सासूबाईंनी एक ठेवली. गृहस्थांनी चार.

सासूबाईंनी माझ्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. मीही बघितलं. आम्हा दोघींना पुढचे आकडे पाठ होते.

आठही गेल्या. मग सोळा. प्रत्येक डावाला सासूबाईंची एकच चिप जात होती, आणि तिच्यामागे त्या माणसाचा ढिगारा. सासूबाई बरोबरच खेळत होत्या. पत्ते वाईट येत होते, दुसरं काही नाही. पण गृहस्थ आता त्यांच्या खांद्याच्या अगदी मागे आले होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चिपांची शेवटची गड्डी काढली आणि बत्तीस चिपा चौकटीत ठेवल्या.

सासूबाईंना दश्शी आली आणि छक्की. सोळा. डीलरसमोर राजा.

याहून वाईट हात या खेळात फारसा नसतो. थांबलं तर डीलर बहुतेक वेळा पुढे जातो, घेतलं तर आपण बहुतेक वेळा एकवीस ओलांडून फुटतो. गणित सांगतं की थोड्या फरकाने घेणं बरं. आम्ही राजम्यावर हे कितीतरी वेळा केलं होतं.

मागून गृहस्थ म्हणाले, "नाइन, नाइन," म्हणजे नको, नको. "कृपा करून थांबा. घेऊ नका."

"काय म्हणतोय?"

"घेऊ नका म्हणताहेत."

"तुझं गणित काय म्हणतं?"

"घ्या."

"त्याची रक्कम मोठी आहे म्हणून उत्तर बदलतं का?"

"नाही."

सासूबाईंनी बोट उचललं आणि टेबलावर दोनदा टकटक केलं. गृहस्थांनी डोळे मिटले. डीलरने पत्ता सरकवला.

पंजी. एकवीस.

मग डीलरने स्वतःसाठी पत्ता काढला. राणी आली. तिचे वीस झाले. वीसला हरवायला एकवीसच लागतात, आणि ते सासूबाईंकडे होते.

गृहस्थांच्या तोंडून एक आवाज निघाला, हसणं आणि खोकला यांच्या मधला. डीलरने सासूबाईंच्या चिपेशेजारी एक चिप ठेवली आणि गृहस्थांच्या बत्तीसशेजारी बत्तीस. त्यांनी सासूबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर थोपटलं. "ग्नेडिगे फ्राऊ! बाईसाहेब! तुम्ही माझं नशीब आहात! चला, पुढे!" आणि बाकीच्या चिपा खिशात घालून त्यांनी चौकटीत पुन्हा एक टाकली.

सासूबाईंनी आपल्या चिपा गोळा केल्या, पर्समध्ये टाकल्या आणि उठल्या.

मी चकित झाले. अर्धं गेलं नव्हतं, दीडपट झालं नव्हतं, आणि चारसुद्धा वाजले नव्हते.

"आई, अजून वेळ आहे."

"मला माहीत आहे. त्याला सांग, मी उठले."

गृहस्थांचा चेहरा पडला. मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. "पण का? आता तर आपण जिंकलो. बसा ना, कृपा करून. माझी पद्धत कधी चुकत नाही, बघितलंत ना तुम्ही?"

मी भाषांतर केलं. सासूबाई त्यांच्याकडे वळल्या आणि मराठीत बोलू लागल्या, शांतपणे, त्यांच्या डोळ्यांत बघत. मी शेजारी उभी राहून वाक्यामागून वाक्य जर्मनमध्ये सांगत गेले.

"हा डाव गेला असता, तर पुढे चौसष्ट लावता आल्या असत्या का?"

गृहस्थांनी पाटीकडे बघितलं. "नाही."

"खिशात होत्या?"

"नाही."

"या सगळ्यातून तुम्ही जिंकलात किती?"

त्यांनी लगेच उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मनात हिशेब केला. एक, दोन, चार, आठ, सोळा गेल्या, बत्तीस आल्या. त्यांनी हसत एक बोट वर केलं. बोट तसंच राहिलं, हसू हळूहळू गेलं.

"माझा काही दोष नसताना माझ्या हातावर तुमची पिशवी होती," सासूबाई म्हणाल्या. "मला ते नको आहे. नमस्कार."

आणि त्या निघाल्या. निघणं रुबाबात झालं असतं, पण बूट मोठे होते. दुसऱ्याच पावलाला गालिच्याच्या कडेत टाच अडकली आणि त्या झुकल्या. मी पोचायच्या आत गृहस्थांनी पुढे होऊन त्यांना सावरलं. मग त्यांनी रीतीप्रमाणे आपला कोपर पुढे केला. सासूबाईंनी एकदा कोपराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तो धरला. टेबलावरची गृहस्थांची एक चिप डीलरने हाक मारून परत दिली, ती मी घेतली.

अशी आमची वरात कॅशच्या खिडकीशी आली. सासूबाईंनी चिपा काउंटरवर ठेवल्या. गृहस्थ शेजारीच उभे होते, त्यांचा एक हात अडकलेला. बाईमाणसाला मध्येच सोडून टेबलाकडे परत जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. थोडं घुटमळून त्यांनीही आपल्या चिपा काउंटरवर ठेवल्या. खिडकीतल्या माणसाने नोटा मोजून दिल्या. गृहस्थांनी त्या पुन्हा पुन्हा मोजल्या आणि टेबलांकडे वळून बघितलं. सासूबाईंच्या ते लक्षात आलं.

"इथे कॉफी कुठे मिळते?" त्यांनी मला विचारलं. "याला बसव कुठेतरी."

बागेसमोरच्या कॅफेत आम्ही तिघं बसलो. केकचा आग्रह गृहस्थांनीच केला. त्यांनी आयुष्यभर चर्चमधले ऑर्गन दुरुस्त केले होते. वरच्या डोंगरातल्या एका गावात राहायचे. आता कानांनी साथ सोडली होती, त्यामुळे काम बंद. सासूबाईंनी ऑर्गन कसा बिघडतो ते नीट विचारून घेतलं, लाकूड फुगतं, कातडं वाळतं, उंदीर जातात. साक्षीदाराची उलटतपासणी करावी तसे प्रश्न. गृहस्थांना बोलायला आवडत होतं. कितीतरी दिवसांत कुणी त्यांना हे विचारलं नसावं.

मग त्यांनीच विषय काढला. "तुमची काय पद्धत आहे? तुम्ही तर एकएकच लावत होतात."

सासूबाईंनी टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून दाखवल्या. जिंकलं तर दोन, मग तीन, मग परत एक. हरलं तर एक.

गृहस्थांनी मान हलवली. "पण यात गेलेलं परत येत नाही."

"नाहीच येत," सासूबाई म्हणाल्या. "ते गेलं."

"कंटाळवाणं आहे हो. मला शनिवारी दुपारी दुसरं काय आहे?"

मी भाषांतर केलं. सासूबाई हसल्या, त्या दिवसातलं पहिलं मोकळं हसू. "मलाही इथे दुसरं काही नाही. म्हणून तर एकएक लावते. पाच वाजेपर्यंत पुरलं पाहिजे."

हे ऐकून ते मोठ्याने हसले, इतके की शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी वळून बघितलं. जाताना त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेऊन किंचित वाकून निरोप घेतला आणि आम्ही त्यांना बसथांब्यापर्यंत सोडलं.

घरी जाताना गाडीत मी सासूबाईंना म्हटलं, "आपल्या तीन कारणांत हे कारण नव्हतं आई."

"चौथं घाल. आपल्या हातावर दुसऱ्याची छाती धडधडायला लागली की उठायचं."

"पण तुम्ही तो जिंकल्यावर उठलात. हरत होता तेव्हा का नाही?"

"हरताना उठले असते तर त्याला वाटलं असतं, मी बसले असते तर तो जिंकला असता. आयुष्यभर मला दोष दिला असता." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "जिंकल्यावरच बोलता येतं. हरलेला माणूस काही ऐकत नाही. एवढी वर्षं मी दुसरं काय बघितलं?"

मला हे सुचलं नसतं. मी हजारो डाव कॉम्प्युटरवर खेळवले होते, पण त्यातल्या कुठल्याच डावात मागे उभा राहून श्वास सोडणारा माणूस नव्हता. तरी माझं गणित बरोबर होतं. सोळावर राजासमोर घ्यायचंच. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

रात्री नवऱ्याचा फोन आला. "किती हरलात?" त्याने विचारलं.

"दोन कप कॉफीचे पैसे सुटले," सासूबाई म्हणाल्या. "आणि एक ऑर्गन दुरुस्त करणारा भेटला. तुला माहीत आहे का, त्यात उंदीर जातात?"

त्या साताऱ्याला परत जायच्या आधी आम्ही अजून एकदा गेलो. या वेळी त्यांनी शहरात जाऊन स्वतःच्या मापाचे बूट घेतले होते. टेबलावर तीच डीलर होती. तिने सासूबाईंना ओळखलं आणि मधली चौकट दाखवली.

थोड्या वेळाने ते गृहस्थ आले. तोच कोट, तोच बो. त्यांनी वाकून परवानगी मागितली. सासूबाईंनी या वेळी प्रश्न समजून घेऊन मान हलवली. त्यांनी एक चिप ठेवली. हरलो. सासूबाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या, आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी पुन्हा एकच ठेवली. असे सात-आठ डाव आम्ही तिघं मिळून खेळलो. एकदा एक, दोन, तीन असं पूर्ण साधलं, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मग ते आभार मानून, सगळ्यांना मान लववून दुसरीकडे गेले.

काही वेळाने मी मान वळवली तर ते रुलेटच्या टेबलाशी उभे होते. काळ्यावर चिपा ठेवत होते. चाक थांबलं, लाल आलं. त्यांनी पुन्हा काळ्यावर ठेवल्या, आधीपेक्षा उंच ढीग.

"आई," मी हळूच म्हटलं, "ते तिकडे पुन्हा..."

"मी बघितलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. "ती त्याची चौकट आहे. इथे माझ्या चौकटीत तो नीट खेळला. तू पत्त्यांकडे लक्ष दे, तुझे चौदा आहेत."

माझे चौदा होते आणि डीलरसमोर पंजी. मी हात आडवा फिरवला. डीलरने पत्ते काढले आणि ती बावीसवर फुटली. आम्ही दोघी जिंकलो. सासूबाईंनी दोन चिपा पुढे सरकवल्या, पदर खांद्यावर नीट घेतला आणि पुढच्या पत्त्याची वाट बघत बसल्या.